झटक्यांचं औषध घेऊन बाळ घरी निघतं तेव्हा

जन्मल्यावर बाळाला झटके आले, एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, राहावं लागलं आणि आता सुट्टी मिळतेय. गाडी बोलवायच्या आधी डिस्चार्ज कार्ड हातात घ्या आणि डॉक्टरांना विचारा: औषध घरी चालू ठेवायचं, की इथंच बंद झालं? पुष्कळ बाळांचे झटके जन्मावेळी प्राणवायू कमी पडल्याने, साखर किंवा कॅल्शियम उतरल्याने येतात आणि काही दिवसांत थांबतात. अशा बाळाचं औषध घरी जाण्याआधीच बंद करावं, असं २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. चालू ठेवायचं असेल तर कधीपर्यंत, तेही कार्डावर लिहून घ्या.

बहुतेकांना फिनोबार्बिटोनचं सिरप मिळतं. इथं अजिबात घाई करू नका. डॉक्टर डोस वजनावरून मिलिग्रॅममध्ये काढतात, तुम्ही देता मिलीलिटरमध्ये. नेहमीच्या सिरपच्या ५ मिलीत २० मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे डोस १० मिलिग्रॅम असेल तर अडीच मिली. मेडिकलवाल्याने वेगळी बाटली दिली तर लेबलावरचा आकडा जुळवा, जुळला नाही तर विचारल्याशिवाय देऊ नका. घरातला चमचा नको, बिनसुईची सिरिंज मागून घ्या. ती सिस्टरसमोर एकदा स्वतः भरून, बाळाच्या गालाच्या आत थोडं थोडं सोडून दाखवा. आजीनेही हे करून दाखवावं, कारण आई दमून झोपली की रात्रीचा डोस आजीच देते. आमच्याकडे एका आजीला आकडे वाचता येत नव्हते, तिच्या सिरिंजवर अडीचच्या रेघेला लाल नेलपॉलिश लावून दिलं. डोस बदलला की अशी सिरिंज टाकून द्यायची आणि नवी खूण करून घ्यायची.

औषध दुधाच्या वाटीत मिसळू नका. वाटी संपली नाही तर डोस अर्धाच जातो. एखादी वेळ चुकली म्हणून दुप्पट देऊ नका. बाळ ठीक दिसतंय म्हणून एकदम बंद तर मुळीच करू नका, झटके परत येऊ शकतात. मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बाटली तापलेल्या पत्र्याखाली किंवा खिडकीत ठेवू नका. बाळ उठवूनही दूध ओढत नसेल, अंग सैल टाकत असेल तर पुढचा डोस द्यायच्या आधी दवाखान्यात दाखवा.

धडगाव, अक्कलकुव्याकडची बरीच घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. जाणार असाल तर आधीच सांगा, त्यात लाज कसली? हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पुरेशी बाटली, कार्डाची झेरॉक्स आणि तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव सोबत हवं.

झटका कसा ओळखायचा? भुकेने किंवा दचकून हातपाय थरथरतात, ते हलक्या हाताने धरले की थांबतात. झटका धरल्याने थांबत नाही. तान्ह्या बाळाचा झटका मोठ्या माणसासारखा दिसेलच असं नाही: डोळे एका बाजूला लागतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात, कधी श्वास थांबून बाळ निळं पडतं. अशा वेळी कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा आणि कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावा. डॉक्टरांना तुमच्या शंभर शब्दांपेक्षा तो व्हिडिओ जास्त सांगतो. कांदा, चप्पल, घुटी, काही नको. पोटावर डाग देणं तर कुणी कितीही मोठ्याने सांगितलं तरी नाही. भाजलेल्या जखमेतून जंतुसंसर्ग झालेलं बाळ वाचवणं फार अवघड होतं. थांबलेला झटकाही दाखवायचाच. १०८ ला फोन करा, बाळाला छातीशी धरून उबेत आणा, शुद्धीत असेल आणि ओढत असेल तर अंगावर पाजत आणा.

गावात पोचलात की आशाताईंना कार्ड दाखवा. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी त्या ४२ दिवसांत ६ भेटी देतात. दर भेटीत वजन करून घ्या, ते कार्डावर चढवायला सांगा आणि पुढच्या तपासणीला तेच कार्ड, बाटली आणि सिरिंज तिन्ही घेऊन या.