थंडीच्या सकाळी जुनी गाडी मिसिंग मारते तेव्हा काय तपासायचं

सोलापुरात जुन्या गाडीची सगळी कामं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून होतात. पारा बेचाळिशीच्या पुढे जातो म्हणून कोणी थर्मोस्टॅट काढून टाकतं, कोणी जाड ऑइल भरतं. कार्बोरेटरचा स्क्रू मे महिन्यातल्या तापलेल्या इंजिनवर लावला जातो आणि चोकची नॉब वर्षातले दहा महिने कोणी ओढत नाही. मग गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत पहाटे गारठा पडतो आणि तीच गाडी स्टार्ट झाल्यावर मिसिंग मारते, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याने हादरते, रेस सोडली की बंद पडते, आणि पाच-सात मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालायला लागते. दोष त्या पाच मिनिटांतच दिसतो. दुपारी गरम गाडी गॅरेजला नेली तर मेकॅनिकला काही सापडत नाही आणि अंदाजाने प्लग, कॉइल, पंप बदलण्यात पैसे जातात. म्हणून पहिली तपासणी पहाटे, घराच्या दारातच करा.

पुढचं सगळं पेट्रोल गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, पद्मिनी आणि त्यांच्या बरोबरीच्या. डिझेल गाडी असेल तर आधी हीटर प्लग बघा. मीटरवर साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवायला हवेत. एखादा ओपन (आतली तार तुटलेली) दाखवत असेल तर तो गेलेला आहे.

गाडी रात्रभर उघड्यावर राहू द्या. बंद शेडमध्ये इंजिन चालवून तपासणी करू नका, धुराने जीव जातो. सकाळी सेल्फ मारण्याआधी बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरीचं बघा, कारण व्होल्टेज पडलं की ठिणगीही कमजोर पडते. बॅटरी खरी मरते उन्हाळ्याच्या उष्णतेने. थंडीत फक्त ते उघडं पडतं.

स्टार्ट झाली की घड्याळ बघा आणि धूर बघा. काळा धूर आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. निळा धूर पहिल्या मिनिटात येऊन थांबला तर वॉल्व्ह सील कडक झालेत. त्याने प्लग तेलकट होतो. पांढरी वाफ थंडीत कोणत्याही गाडीला येते, पण ती इंजिन गरम झाल्यावरही येत राहिली आणि गोडसर वास असला तर तो वेगळा विषय, शेवटी बघू.

आता मिसिंग एकाच सिलिंडरचं आहे की सगळेच अडखळताहेत हे ठरवा. पुढची सगळी दिशा यावरून ठरते. सोपी रीत: एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा (प्रत्येक सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या फाट्यांवरचा) पत्रा आदल्या दिवशी काढून ठेवा. स्टार्ट केल्यावर अर्ध्या मिनिटाने प्रत्येक फाट्यावर बोटाने पाण्याचे दोन-तीन थेंब टाका, जास्त नको. चालणाऱ्या सिलिंडरच्या फाट्यावर थेंब चर्र करून उडून जातो. न मारणाऱ्या सिलिंडरच्या फाट्यावर तो तसाच ओघळतो. तीन सिलिंडरच्या गाडीत हे इतकं स्पष्ट दिसतं की दुसरी चाचणी लागत नाही. इंजेक्शनच्या गाडीत एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढूनही बघता येतं. जो काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. प्लगची वायर चालू इंजिनवर उपटून ठिणगी हवेत उडवू नका. त्याने कॉइल आणि इग्निशन मॉड्यूल जळतं.

एकच सिलिंडर असेल तर त्याचा प्लग काढा. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी नाही. कोरडा असेल तर त्या इंजेक्टरमधून पेट्रोल येत नाही. काळी कोरडी काजळी असेल तर जास्त पेट्रोल. प्लगचा गॅप कार्बोरेटरच्या गाड्यांत साधारण ०.७ ते ०.८ मिमी असतो, इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत १ मिमीच्या आसपास. फीलर गेज लावा, डोळ्याने अंदाज नको. प्लग दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगशी अदलाबदल करून दुसऱ्या सकाळी पुन्हा थेंब टाका. दोष प्लगबरोबर हलला तर प्लग, नाही हलला तर एचटी वायर (प्लगला जाणारी जाड वायर) किंवा डिस्ट्रिब्युटर कॅप (या वायरी जिथून निघतात ते झाकण). वायरचा रेझिस्टन्स मोजा. एकीचं माप लांबीच्या हिशेबाने इतरांच्या दुप्पट असेल तर पूर्ण सेट बदला. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर ती पुसून उपयोग नाही, कॅपच बदलावी लागते. पहाटे अंधारात वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारला, तर गळकी जागा निळ्या ठिणगीने स्वतःच दिसते. हात लांब ठेवा. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघड-मिट करणाऱ्या संपर्कांची) जुनी गाडी असेल तर पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी.

सगळेच सिलिंडर अडखळत असतील तर दोष पेट्रोल-हवेच्या मिश्रणात आहे. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरंचसं इनटेक मॅनिफोल्डच्या (हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या फाट्यांच्या) भिंतीला चिकटतं, म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावंच लागतं. कार्बोरेटरच्या गाडीत ते काम चोक करतो. एअर फिल्टरचं झाकण काढून चोकची नॉब पूर्ण ओढा आणि आतली पाकळी बघा. ती पूर्ण मिटली पाहिजे. आपल्याकडच्या धुळीत केबल अडकते किंवा क्लिपमधून सरकते; नॉब बाहेर येते, पाकळी मात्र अर्धी उघडी राहते. केबलला तेल द्या, स्क्रू सैल करून पाकळी मिटलेल्या स्थितीत घट्ट करा, आणि नॉब आत ढकलल्यावर ती पूर्ण सरळ उभी राहते का हेही तपासा. नाहीतर आता जास्त पेट्रोल जायला लागेल.

पाकळी ठीक असेल तर कुठल्या फटीतून जादा हवा ओढली जातेय का बघा. व्हॅक्यूमचे रबरी पाइप उन्हाने कडक होतात. थंडीत ते आणखी आखडतात आणि तोंडाशी फट पडते. इंजिन तापलं की फट मिटते. म्हणूनच गरम गाडीत हा दोष लपतो. चालू इंजिनवर इनटेक मॅनिफोल्डच्या जोडांवर आणि पाइपांच्या टोकांवर थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर बदलला तर जागा सापडली. कार्ब क्लीनरचा फवारा गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ मारू नका, पेट घेतो. जुन्या गाड्यांच्या रबराला इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसत नाही. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रणात हवेचं प्रमाण वाढतं, आणि कार्बोरेटर ते स्वतः सुधारू शकत नाही. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. पेट्रोलचे पाइप बदलताना इथेनॉल चालेल असेच मागून घ्या.

इंजेक्शनच्या गाडीत चोकचं काम कूलंट टेंपरेचर सेन्सर करतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशाला तो दोन ते अडीच किलोओहम दाखवतो आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास. सकाळी एकदा आणि गरम झाल्यावर एकदा मोजा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलं असेल तर सेन्सरच्या टोकावर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो उशिरा, चुकीचं सांगतो. थ्रॉटल बॉडीतला कार्बनही याच वेळी साफ करून घ्या.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा वॉल्व्ह. तो काढल्याने उन्हाळ्यात गाडी गरम होणं थांबतं असं वाटतं, पण मूळ दोष बहुतेक वेळा रेडिएटर तुंबण्यात किंवा पंख्यात असतो. थर्मोस्टॅट नसला की थंडीत इंजिन वेळेत तापत नाही, ईसीयू (इंजेक्शनच्या गाडीतला इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल देतच राहतो, प्लग काळे पडतात, आणि आज बदललेला प्लग महिन्याभरात पुन्हा मिसिंग मारतो. तपासायला काहीच लागत नाही: थंड इंजिन स्टार्ट करून रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवा, पंख्यापासून दूर. पाइप काही मिनिटं गार राहून मग एकदम तापायला हवा. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. नवा बसवण्याआधी पातेल्यात पाण्यात टांगून तापवा. त्याच्यावर छापलेल्या अंशाला, बहुधा ८२ ते ८८, तो उघडायला सुरुवात झाली पाहिजे. बसवताना गॅस्केट नवं, आणि पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

एवढं करूनही एक सिलिंडर मरत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्या: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. एक सिलिंडर इतरांपेक्षा एक किलोहून (गेजवर प्रति चौरस सेंटिमीटर) जास्त कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. फार घट्ट टॅपेटनेही (वॉल्व्ह दाबणाऱ्या भागात गॅप कमी असला तरी) वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, म्हणून हेड काढण्याआधी थंड इंजिनवर टॅपेटचा गॅप मॅन्युअलप्रमाणे लावून बघा. आणि तो गोड वासाचा पांढरा धूर, सोबत कूलंट दर आठवड्याला कमी होणं: गॅस्केटमधून रात्री सिलिंडरमध्ये पाणी उतरतंय. सेल्फ मारताना इंजिन अडल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा, पुन्हा मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर टाका आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्या.