ग्रीन ट्री पायथनला उंदीर कसा, किती आणि कधी द्यावा

न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क भागातला हा अजगर दिवसभर फांदीवर वेटोळं घालून बसतो. हालचाल कमी, म्हणून त्याला खाणंही कमी लागतं. घरात तो उपाशी राहण्यापेक्षा जास्त खाऊन सुस्तावण्याचीच भीती अधिक. पूर्ण वाढलेल्याला दोन-तीन आठवड्यांतून एक उंदीर पुरे, पिल्लाला 5 ते 7 दिवसांनी एक गुलाबी, केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू. उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाहून जाड नको.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण वितळू द्या. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात धरा, साधारण 38 ते 40 अंशांपर्यंत तापवा आणि कोरडा पुसा. मायक्रोवेव्ह नकोच, बाहेरून शिजतो, आत बर्फ राहतो, कधी पोट फुटतं. सापाच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता जाणवते, म्हणून उंदराचं डोकं अंगापेक्षा जरा जास्त गरम ठेवा. साप तिथूनच पकडतो.

खायला रात्रीच द्या, दिवे मालवून. साप डोकं फांदीखाली सोडून टपून बसला की लांब चिमट्याने उंदीर समोर हळू हलवा. निदान 30 सेंटिमीटरचा चिमटा घ्या; याचे पुढचे दात लांब असतात आणि झेप अचूक. पकडल्यावर हात काढा, दिवा लावू नका. नंतर 48 तास सापाला हात लावायचा नाही.

खरी कसोटी नवजात पिल्लांची. पहिली कात टाकेपर्यंत काही देऊ नका. त्यानंतरही उंदीर नाकारला तर तो कोंबडीच्या पिल्लाच्या पिसांवर घासून द्या. वास बदलला की बरीच पिल्लं तोंड घालतात. तरीही नाही, तर उंदराने शेपटीजवळ हलकेच टोचत राहा. चिडून चावलं की लगेच स्तब्ध व्हा. जरा हललात तरी ते सोडून देतं.

घास उलटून पडला तर बहुधा उंदीर मोठा होता किंवा पिंजरा थंड. दिवसा उबेची जागा 29-30 अंशांवर आहे का, ते तपासा. दोन आठवडे काही देऊ नका, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्या. दुसऱ्यांदा उलटला तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

विष्ठेची तारीखही वहीत लिहा. दोन-तीन उंदीर पोटात गेले आणि विष्ठा नाही, तर पुढचा थांबवा, पिंजऱ्यात पाणी जास्त फवारा. कोरडेपणात साप कुंथतो आणि आतडं बाहेर येतं. तसं दिसलं तर ओल्या स्वच्छ कापडात झाकून त्याच दिवशी डॉक्टरकडे.