फीडरवर तळाचा मासा धरताय? मग या चुका टाळा

दर रविवारी सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या बांधावर तेच बघतोय. मोबाईलवर इंग्लंडमधल्या टेंच माशाचे व्हिडिओ बघून पोरं नवंकोरं मेथड फीडर, म्हणजे चारा दाबून बसवायचं गळाचं वजन, घेऊन येतात, चार तास बसतात आणि रिगच (लाइन, फीडर, हूक यांची जोडणी) बोगस आहे म्हणून निघून जातात. रिगचा काही दोष नाही. टेंच आपल्याकडं नाही, इंग्रजांनी उटीच्या थंड तळ्यांत आणून सोडला तेवढाच, पण तो चिखलात तोंड घालून चरणारा मासा आणि आपले मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) पण तळाचेच, म्हणून त्याची रिग इथं मस्त चालते. बाकीचं सगळं मात्र इथल्या पाण्याप्रमाणं करावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक चाऱ्याची. गेल्या थंडीत आमच्या गल्लीतला एक पोरगा सहा वाजल्यापासून बसलेला, साडेदहाला माझ्याकडं आला, म्हणला, "काका, मासा फिरकंना बे इकडं." म्हणलं फीडर ओढ, बघू. अर्धा तास पाण्यात राहून पण चाऱ्याचा गोळा जसाच्या तसा बाहेर आला, भाकरीच्या पिठासारखा घट्ट, आणि मक्याचा दाणा हुकासकट आत चिकटलेला. मासा खाणार काय? त्यानं पेंडीत एकदम तांब्याभर पाणी ओतून कणीक मळल्यासारखं मळलं होतं. मग माझा चारा दिला, आधी काठाला गुडघाभर पाण्यात सोडून दाखवला, चार-पाच मिनिटांत गोळा हळूहळू सुटला आणि दाणा वर उघडा पडला. अकराच्या आत त्याला दीड किलोचा मृगळ लागला, त्याच जागी, त्याच रिगवर.

माझी सवय सांगतो. शेंगदाण्याची पेंड दोन वाटे, ज्वारीचं पीठ एक वाटा, थोडा गव्हाचा कोंडा. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. वीस मिनिटं झाकून ठेवायचं, पेंड पाणी पिते, मग परत थोडं शिंपडून चाळणीतून काढायचं. मुठीत दाबला की गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्यानं दाबला की फुटला पाहिजे. आपल्याकडच्या उन्हात दहा वाजता तोच चारा कोरडा पडतो, म्हणून बादलीवर ओलं फडकं पाहिजेच. रेडिमेड पाकीट आणलं तरी ही वीस मिनिटं चुकत नाहीत, आणि नेमकी तीच कुणाला नको असतात.

दुसरी चूक बघून मला खरंच राग येतो. फीडर लाइनवर पक्का बांधणं. मासा आपोआप लागावा म्हणून फीडरच्या वरच्या बाजूला गाठ नाहीतर घट्ट स्टॉपर लावतात. लाइन तुटली की मासा फीडर घेऊन फिरतो. दोन वर्षांपूर्वी उजनीच्या फुगवट्यात मला एक सायप्रिनस लागला, काठाला आला तर तोंडात दुसऱ्याच कुणाचा तरी हूक, मागं हातभर लाइन आणि तिला चाळीस ग्रॅमचा फीडर, त्याच्यावर शेवाळ धरलेलं. ओठ एका बाजूनं फाटलेला, अंगानं पार वाळलेला. किती दिवस ते ओझं ओढत होता देव जाणे. हूक काढून सोडला, पण नंतर दिवसभर गळ टाकायची इच्छा झाली नाही.

म्हणून घरीच बघा: फीडर एका हातात धरा, दुसऱ्या हातानं हूकलेंथ, म्हणजे हूक बांधलेला लाइनचा आखूड तुकडा, ओढा. स्विव्हल, म्हणजे लाइन आणि हूकलेंथ जोडणारी फिरती कडी, जरा जोर लावला की फीडरमधून सुटला पाहिजे आणि पुढं लाइन फीडरमधून मोकळी सरकली पाहिजे, मधे मणी नको, जाड गाठ नको. जोर लावून पण सुटला नाही तर ती रिग पाण्यात टाकू नका.

बाकीचं थोडक्यात. हूक नखावर टेकवून बघा, घसरला तर बदला. मेथडला हूकलेंथ चार बोटं ते वीतभर पुरे, साध्या जाळीच्या फीडरला दोन-तीन वीत लागते. रॉडचं टोक नुसतं थरथरलं की झटका देऊ नका, मासा लाइनला घासत असतो, रॉड वाकू द्या. रीलच्या क्लिपमध्ये लाइन अडकवून अंतर धरत असाल तर फीडर तळाला गेल्यावर क्लिप सोडा, नाहीतर मोठा कटला एका धावेत लाइन तोडतो. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असला तर आधी त्यांना विचारा.

आणि तिसरी चूक, तळ न बघता फेकणं. हिप्परग्याचा तलाव 1871 चा, इतक्या वर्षांचा गाळ साठलाय, जड फीडर त्यात रुततो आणि चारा चिखलाखाली जातो. तीस ग्रॅमचा चपटा फीडर घ्या. मे महिन्यात पाणी मागं सरकतं तेव्हा मी चपला हातात घेऊन तळातून चालतो. दोन उन्हाळ्यांपूर्वी मऊ गाळात मधेच पायाला खडी लागली, मुरमाचा पट्टा, बैलगाडीच्या वाटेएवढा रुंद. तिथून काठावरच्या बाभळीपर्यंत पावलं मोजली, एकेचाळीस भरली. पाणी चढल्यापासून त्याच बाभळीखाली बसतोय आणि एकेचाळीस पावलांवरच टाकतोय.