प्रश्नावली घेऊन घरोघर निघताय? या चुका टाळा

जानेवारी लागला की माझ्याकडे पोरं यायला लागतात. कुणी एम.ए. मानसशास्त्राचं, कुणी राज्यशास्त्राचं, मधूनच एखादा पीएच.डी.वाला. विषय भारी असतात: राजकीय विश्वास, जातीय पूर्वग्रह, मतदानाचं वर्तन. हातात प्रश्नावली आणि बोलण्यात घाई. ‘सर, फक्त एक नजर टाका, सोमवारपासून फील्डवर जायचंय.’ नजर टाकली की पहिल्याच पानावर त्याच त्या चुका दिसतात. वीसेक वर्षं नागपुरातली दारं वाजवतोय. आताशा एखादी नवीन चूक दिसली तर मला बरंच वाटतं.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते शब्दकोशातून उतरवलेल्या प्रश्नांवर. एका मुलीने राजकीय विश्वासाची परदेशी मोजपट्टी घेतली होती, म्हणजे सहमत की असहमत ते सांगायच्या विधानांची यादी. त्यात एक विधान होतं, ‘देशातील संस्थांवर माझा विश्वास आहे.’ तिच्या मनात संसद, न्यायालय, निवडणूक आयोग. मी तिच्यासोबत नंदनवनच्या एका गल्लीत गेलो. एक काकू दारात बसून तुरीची डाळ निवडत होत्या. प्रश्न ऐकला, सूप बाजूला सारलं, आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन बाहेर आल्या. ‘हे पाय पोरी, संस्थेत पंच्याऐंशी हजार अडकून राहिले. विश्वास कायचा ठेवू?’

आपल्याकडे संस्था म्हणजे पतसंस्था. फार तर शिक्षणसंस्था, जिथे नोकरी लावायचे पैसे मागतात. संसदेला कुणी संस्था म्हणत नाही. तोवर मुलीचे १४० फॉर्म भरून झाले होते. त्या भागातला विश्वासाचा आकडा तळाला गेलेला, आणि तिने त्यावर ‘राजकीय परात्मता’ (राजकारणापासून तुटलेपण) असं मथळ्यासकट पान लिहूनही ठेवलं होतं. प्रत्यक्षात तिथली एक पतसंस्था बुडाली होती, बस. ते विधान काढलं, पान फाडलं, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मराठी केलेलं दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घ्या आणि ताडून पाहा, असं पुस्तकं सांगतात. करा, पण ‘संस्था’ परत इंग्रजीत अगदी बरोबर उतरते, त्यामुळे ही चूक त्यात सापडत नाही. माझी सवय वेगळी आहे. प्रश्नावली दहा-बारा माणसांना वाचून दाखवतो: ऑटोवाला, आमची वहिनी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. उत्तर मागतच नाही. एवढंच म्हणतो, ‘मी आता काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा.’ तीन जणांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या की तो प्रश्न गेला. याला एक दुपार लागते, आणि ती एक दुपार द्यायला कुणी तयार नसतं. हिंदी प्रतही सोबत ठेवा. जरीपटका आणि मोमिनपुऱ्यात शुद्ध मराठी प्रश्नावली घेऊन जाणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या अहवालात ‘प्रतिसाद कमी मिळाला’ हे वाक्यही.

एका वाक्यात दोन प्रश्न कोंबू नका. ‘सरकार आणि पोलीस प्रामाणिक आहेत’ याला सहमत म्हणणारा नेमका कुणाला सहमत, ते देवालाही कळणार नाही.

सगळी विधानं एकाच दिशेची ठेवू नका. ही चूक मोठमोठ्यांनी केली. हुकूमशाही वृत्ती मोजणारी अडोर्नो आणि सहकाऱ्यांची १९५० ची प्रसिद्ध एफ-मोजपट्टी अशीच होती: प्रत्येक विधानाला होकार दिला की माणूस हुकूमशाही वृत्तीचा. मग गुण कशाचे मोजले, वृत्तीचे की नुसत्या मान डोलावण्याचे, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. विदर्भात तर पाहुण्याला ‘हो जी’ म्हणायची रीतच आहे. पण म्हणून अर्ध्या विधानांत ‘नाही’ घुसडायचं नाही. ‘नेत्याचा शब्द मानू नये असे मला वाटत नाही’ यावर एका आजोबांनी मलाच विचारलं होतं, ‘म्हंजे आता हो म्हणू का नाही म्हणू?’ उलट अर्थाचं पण सरळ वाक्य लिहा. जमत नसेल तर अजून एक दिवस बसा.

आता आणखी एक चूक, जिच्यावर मी चहाच्या टपरीवरही भाषण देतो. लोक प्रश्नाला उत्तर देत नाहीत, विचारणाऱ्याला देतात.

रिचर्ड लापिएर नावाचा समाजशास्त्रज्ञ १९३० च्या सुमारास एका तरुण चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर फिरला. २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नाकारलं. मग सहा महिने थांबून त्याने त्याच ठिकाणी पत्रं पाठवली: चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर पाठवणाऱ्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ लिहिलं. हे १९३४ साली छापून आलं. आपल्याकडे गाडी उलटी चालते. फॉर्मवर सगळे उदार, खोली भाड्याने द्यायची वेळ आली की ‘आडनाव काय तुमचं?’ म्हणूनच आपल्या विदर्भातले सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी मत विचारलंच नाही. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला.

माझ्या एका कामात दोन पोरं होती, दोघंही मेहनती. एकच रस्ता, डावी बाजू एकाकडे, उजवी दुसऱ्याकडे. विषय आरक्षण. संध्याकाळी फॉर्म चाळले तर एकाकडे जवळपास सगळे आरक्षणाच्या बाजूचे, दुसऱ्याकडे निम्मेही नाहीत. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन देश वसत नाहीत. मग लक्ष गेलं गळ्यातल्या ओळखपत्रांकडे. आयोजकांनी हौसेने मोठ्या अक्षरांत पूर्ण नाव छापलेलं, आडनावासकट. ज्या शहरात दीक्षाभूमीही आहे आणि संघाची रेशीमबागही, तिथे आडनाव वाचून घरमालक अर्धं उत्तर मनातच ठरवतो. तिसऱ्या मुलीला बिनआडनावाचं ओळखपत्र आणि बंद पाकिटं देऊन पाठवलं: नाजूक प्रश्नाचं उत्तर घरच्यांनी स्वतः खूण करून पाकिटात टाकायचं. आकडे तिसरेच आले.

तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर विचारणाऱ्याचा क्रमांक असतो आणि सगळ्यात आधी मी त्या क्रमांकानुसार उत्तरं लावून पाहतो. उत्तर देणाऱ्या सुनेच्या मागे सासू उभी असेल तर तेही कोपऱ्यात लिहून ठेवायचं.

प्रश्नांचा क्रमही सांभाळा. ‘वेगळा विदर्भ हवा का?’ हे आधी विचारलं की पुढची सगळी उत्तरं त्याच रंगात येतात. जुनी माणसं तर थेट १९५५ च्या फाजल अली राज्य पुनर्रचना आयोगाची वेगळ्या विदर्भाची शिफारस काढून बसतात आणि नागपूरची राजधानी गेल्याचं दुःख तुमच्या फॉर्मवर उतरतं. आधी मोकळं विचारा, ‘तुमच्या मते सध्या सगळ्यात मोठा प्रश्न कोणता?’ तिथे विदर्भ आपणहून निघतो की पाणी आणि नोकरी निघते, यातच बरंच काही असतं.

गूगल फॉर्मबद्दल थोडक्यात, कारण रक्तदाब वाढतो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिंक टाकली, तीन दिवसांत ४१२ उत्तरं आली, ‘नागपूरकरांचा राजकीय कल’ तयार. ते नागपूरकर नाहीत, तुमच्या मावशीचे धरमपेठेतले भिशीवाले आहेत. १९३६ साली अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, तेवीस-चोवीस लाख परत आल्या, आणि लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. आकडा मोठा असून भागत नाही. निवडणूक सर्वेक्षणं करणाऱ्या लोकनीतीचे लोक मतदार यादीतून नावं काढतात, मीही तेच करतो: बूथ निवडायचे, यादीतलं ठरावीक अंतराने एकेक नाव, आणि तेच माणूस गाठायचं, शेजारी मोकळा बसला आहे म्हणून तो नाही. बऱ्याच भाडेकरूंची नावं गावाकडच्या यादीत असतात, त्यामुळे ते सुटतात. हे अहवालात लिहा.

आकडे आल्यावर त्यांना जुळणारं गृहीतक, म्हणजे ‘मला हेच सापडेल असं वाटलं होतं’, शोधू नका. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या टिकला. मी काय सापडेल असं वाटतं ते फील्डच्या आधी कागदावर लिहितो, तारीख टाकतो आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो. अशा अंदाजाच्या ऑनलाइन नोंदणीची सोयही आहे, पण कपाट रोज उघडावं लागतं.

आणि फॉर्म त्याच संध्याकाळी तपासा, आठवड्याने नाही. टपरीवर बसून भरलेले फॉर्म ओळखू येतात: एकच पेन, कोपरे कोरे करकरीत, कुठेतरी तर्रीचा थेंब. मागच्या मे महिन्यात एकाने ६० घरांचा गठ्ठा आणून दिला. सगळ्या भेटी दुपारी एक ते चारमधल्या, बाहेर पंचेचाळीस डिग्री. साठपैकी एकही घर बंद नाही, एकानेही ‘नंतर या’ म्हटलेलं नाही. मी त्याला पाणी दिलं आणि कोरे फॉर्म परत हातात ठेवले.