ऑफिसतर्फे मुलांच्या संस्थेत मदतीला जाताना

सगळ्यात आधी संस्थेला फोन करा आणि विचारा, "तुम्हाला काय हवंय?" आम्ही पहिल्या वर्षी न विचारता रंगपेट्यांचे खोके घेऊन गेलो. तिथल्या ताईंनी कपाट उघडून दाखवलं: आधीच्या पाहुण्यांनी दिलेल्या रंगपेट्या वरच्या फळीपर्यंत रचलेल्या. त्यांना हवं होतं हिशेबाच्या वह्या संगणकावर चढवून देणारं कुणीतरी. आमच्या अकाउंट्समधल्या दोघांनी ते काम ४ शनिवारांत उरकलं.

माझं ठाम मत आहे, ४० जणांनी एकदा जाण्यापेक्षा ६ जणांनी दर पंधरवड्याला जावं. मुलं चेहरे लक्षात ठेवतात. "परत येईन" असं तारीख ठरल्याशिवाय कुणीही म्हणू नये.

जाणाऱ्यांची नावं, ओळखपत्रं आधीच द्या. पडताळणी मागितली तर कुरकुर नको. मुलासोबत बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही, संस्थेचं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. फोटोंबाबत मी फार कडक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १६ मुलांचा खासगीपणा जपतं. लेखी परवानगीशिवाय फोटो नाही, आणि घरच्यांविषयी खोदून विचारणं तर अजिबातच नाही.

मॅनेजरकडून कामाच्या वेळेतले तास मंजूर करून घ्या, नाहीतर महिनाअखेरीस गळती लागते. येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळवा, बदली माणूस पाठवा. एकदा वाचनाच्या तासाला आमची सहकारी न कळवता आलीच नाही, तेव्हा एक मुलगा पुस्तकात बोट घालून अर्धा तास दारापाशी उभा होता.