सोरोरिटीत जायचंय? आधी बिल माग, मग हो म्हण

गेल्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. ऑगस्टमध्ये ती शिकायला अमेरिकेत निघाली आहे आणि तिथल्या विद्यापीठाकडून तिला सोरोरिटीच्या 'रश'साठी, म्हणजे नव्या मुली निवडण्याच्या आठवड्यासाठी, नाव नोंदवा म्हणून ईमेल आलाय. "ताई, हे काय असतं? होस्टेल का?" मामी मागून विचारत होती, कुठला पंथ वगैरे नाही ना. तासभर बोलूनही अर्धं राहिलंच, म्हणून सगळं लिहून काढतेय. तिच्यासारख्या आणखी कुणी निघाल्या असतील तर त्यांनाही उपयोग होईल. मी इंडियानातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात चार वर्षं होते, चारही वर्षं सोरोरिटीत, आणि त्यातलं एक वर्ष चॅप्टरची खजिनदार. आता नाशिकला वडिलांच्या दुकानाचे हिशेब बघते. ते काम शिकले तिथेच.

सोरोरिटी म्हणजे मुलींचं मंडळ. वर राष्ट्रीय संस्था, खाली प्रत्येक कॉलेजात तिची शाखा, तिला चॅप्टर म्हणतात. वर्गणी असते, पदाधिकारी असतात, दर आठवड्याला सभा होते, आणि पुष्कळ ठिकाणी स्वतःचं घर असतं. सोरोर म्हणजे लॅटिनमध्ये बहीण. 1874 मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठात गॅमा फाय बीटा सुरू झाली. तिच्यासाठी 1882 मध्ये तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी हा शब्द सुचवला. तोवर मुलींच्या संस्थांनाही, मुलांच्या मंडळांसारखं, फ्रॅटर्निटीच म्हणत.

नाव नोंदवण्याआधी हे समजून घे की सगळ्या सोरोरिट्या एका माळेतल्या नाहीत. मोठ्या घरांच्या, ऑगस्टमध्ये रश करणाऱ्या संस्था पॅनहेलेनिक या 1902 पासूनच्या महासंघात येतात. कृष्णवर्णीय मुलींनी उभ्या केलेल्या संस्थांची परंपरा वेगळी आहे: हॉवर्ड विद्यापीठात 1908 मध्ये अल्फा कप्पा अल्फा, 1913 मध्ये डेल्टा सिग्मा थीटा. त्यांच्यात प्रवेशाची रीतही वेगळी आणि नातं आयुष्यभराचं. आणि दक्षिण आशियाई मुलींच्या संस्था आहेत. त्यातल्या तीन तर एकाच वर्षी, 1998 च्या अखेरीस निघाल्या: ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा ऱ्हो. आपल्या मुली तिथे खूप भेटतील, दिवाळीला एकटं वाटणार नाही, आणि चॅप्टर लहान असल्यामुळे सगळ्या सगळ्यांना ओळखतात. माझ्या कॉलेजात तेव्हा असा चॅप्टर नव्हता. असता तर मी आधी तिथे जाऊन बसले असते. तू दोन्ही बघ. मी पुढे लिहितेय ते पॅनहेलेनिकमधलं, कारण मी तेच जगले.

निघण्याआधी घरी बसून करायचं एक काम आहे. तुझ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'हेझिंग'चा अहवाल शोध. हेझिंग म्हणजे नव्यांचा छळ, आपल्याकडचं रॅगिंग. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत याविषयी केंद्रीय कायदा झाला, आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावं जाहीर करणं विद्यापीठांवर बंधनकारक झालं. अहवालात जे नाव दिसेल त्या घराच्या पायऱ्या चढूच नकोस, मग घर कितीही देखणं असो. आणि आत गेल्यावरही कुणी जबरदस्तीनं दारू पाजायला लागलं, रात्रभर जागवलं, फोन काढून घेतला, तर त्याच क्षणी उठून बाहेर ये. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आता रश. कॉलेज सुरू व्हायच्या आधीचा किंवा पहिल्याच दिवसांतला आठवडा. चार फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत सगळी घरं बघायची, प्रत्येकी साधारण अर्धा तास, भर उन्हात एका घराकडून दुसऱ्याकडे चालत. उंच टाचांच्या चपला पिशवीत ठेव आणि दारात बदल. पायात साध्याच घाल. नवे कपडे शिवून नेऊ नकोस. दार उघडलं की चाळीस-पन्नास मुली दारात दाटीवाटीनं उभ्या राहून टाळ्या वाजवत गात असतात. त्या आवाजानं मी पहिल्यांदा दोन पावलं मागेच सरकले होते. मग एक मुलगी तुला आत नेते, सात-आठ मिनिटं बोलते, तेवढ्यात दुसरी येऊन शेजारी उभी राहते आणि पहिली हळूच बाजूला होते. याला 'बंप' म्हणतात. पुढच्या वर्षी मी दाराच्या आतल्या बाजूला होते तेव्हा कळलं, हे सगळं आदल्या आठवड्यात सकाळपासून रात्रीपर्यंत घोटलेलं असतं. कुणी कुणाशी बोलायचं तेही तुझा अर्ज वाचून ठरलेलं असतं. आणि तू बाहेर पडलीस की तुझ्याशी बोललेली प्रत्येक जण फोनवर तुझ्याविषयी गुण नोंदवते.

म्हणून सांगते, "मला प्रवास आवडतो, वाचन आवडतं" असलं बोलू नकोस. संध्याकाळपर्यंत ती मुलगी साठ जणींशी बोललेली असते, तिच्या लक्षात काहीही राहत नाही. एक खरी, तुझीच गोष्ट सांग. मला एकीनं विचारलं, तुझं गाव कसं आहे? मी तिला दुतोंड्या मारुती सांगितला. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की नाशिककर सेंटिमीटर-मीटर विचारत नाहीत, पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला हे विचारतात. बंप करायला आलेली मुलगी शेजारी उभी होती, पण ही हलेना. "आणि डोक्यावरून गेलं तर?" तीच पुढे माझी 'बिग' झाली, म्हणजे चॅप्टरमधली थोरली बहीण. पहिल्या भेटीच्या नोंदीत तिनं लिहिलं होतं: पुराचा मारुती, हिला परत बोलवा.

तूही तिला काहीतरी विचार. परीक्षेच्या आठवड्यात या घरात काय चालतं? गेल्या वर्षी आजारी पडलीस तेव्हा तुझ्याजवळ कोण बसलं होतं? उत्तर द्यायला ती किती वेळ घेते ते बघ.

प्रत्येक फेरीनंतर तू घरांना पसंतीक्रम द्यायचा, घरांनी मुलींना, आणि रात्री संगणक जुळणी करतो. सकाळी यादीतून काही घरं गळलेली असतात. दुसऱ्या दिवशी माझ्या यादीतून माझं सगळ्यात आवडतं घर गेलं आणि मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले. पुढे आतून बघितलं तेव्हा कळलं की प्रत्येक फेरीनंतर किती मुलींना परत बोलवायचं याचा आकडा घराला वरूनच येतो, आणि तो पाळावाच लागतो. शंभर मुली आवडल्या तरी साठच बोलवता येतात. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर जिन्यात बसले नसते.

शेवटच्या फेरीत बहुतेकींकडे दोन घरं उरतात. मग एका करारावर सही करायची असते, आणि तिथे बहुतेक मुली न वाचता सही करतात. ज्या घराचं नाव तू तिथे लिहिलंस, त्याचं निमंत्रण आलं आणि तू ते नाकारलंस, तर त्या कॉलेजात पुढच्या मुख्य रशपर्यंत पॅनहेलेनिकच्या दुसऱ्या कुठल्याही घरात तुला जाता येत नाही. म्हणून जिथे राहायचं नाही त्या घराचं नाव नुसतं जागा भरायला लिहू नकोस. रश हुकला, तर जागा शिल्लक असलेले चॅप्टर वर्षभर साध्या पद्धतीनं मुली घेतात. तिथे शांतपणे बोलता येतं, मला तर ते जास्त आवडतं.

आता पैसे. सही करण्याआधी चार गोष्टी तोंडानं विचार आणि कागदावर माग: पहिल्या सेमिस्टरचं सगळं मिळून बिल किती; दुसऱ्या वर्षी घरात राहणं सक्तीचं आहे का आणि त्याचं जेवणासकट किती; सभा चुकली तर दंड किती; आणि हप्ते करून मिळतात का. पहिलं वर्ष नेहमी महाग पडतं, कारण नव्या सभासदाची फी, दीक्षेची फी आणि पिनचे, म्हणजे सभासदाच्या बिल्ल्याचे, पैसे त्यातच येतात. माझं पहिलं बिल 812 डॉलरचं होतं. त्यात टी-शर्ट नव्हते. प्रत्येक कार्यक्रमाला वेगळा टी-शर्ट निघतो, आणि वर्षअखेरीस माझे नऊ झाले होते. पहिले दोन घे, पुढच्यांना नाही म्हण, कुणी काही बोलत नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं, तेव्हा हे पैसे कुठून येणार ते आई-बाबांबरोबर बसून आधीच ठरव.

हप्त्यांचं मी इतकं का लावून धरते ते सांगते. मी खजिनदार असताना दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची वर्गणी दोन महिने थकली. मी नियमाप्रमाणे छापील पत्र पाठवलं, मग दुसरं, मग विलंब शुल्क लावून तिसरं. एका रविवारी ती सभेला आली नाही आणि सोमवारी तिची पिन पाकिटात घालून माझ्या दारात ठेवलेली होती. तिच्या वडिलांची नोकरी गेली होती. हप्त्यांची सोय आमच्या नियमावलीत होती, ते पान मी वाचलं होतं, आणि तीनपैकी एकाही पत्रात मी तसं लिहिलं नव्हतं. त्या पाकिटावर तिनं माझं नाव नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. पुढच्या महिन्यापासून पत्राची पहिली ओळ हप्त्यांची असायची आणि पत्र धाडण्याआधी मी प्रत्येकीच्या खोलीत जाऊन बसायचे. तुझी खजिनदार आली नाही तर तू जा. लाजू नकोस.

निमंत्रण मिळाल्यावरचे आठवडे लवकर सरतात. चॅप्टरचा इतिहास शिकायचा, सगळ्यांची नावं पाठ करायची, 'बिग' कोण ते कळतं, आणि मग दीक्षा. तो विधी गुप्त असतो, त्याबद्दल मी इथेही लिहिणार नाही. पांढरा पोशाख लागतो, एवढं सांगते. तो साधा असू दे, पुढे दरवर्षी तोच वापरता येतो.

दुसऱ्या वर्षी घरात राहायला गेलीस आणि कॉलेज इंडियाना-इलिनॉयकडचं असेल, तर 'कोल्ड डॉर्म' असू शकतो. खोल्या फक्त कपड्यांना आणि अभ्यासाला. झोपायला सगळ्यांना मिळून वरच्या मजल्यावर एक मोठी अंधारी खोली, दुमजली पलंगांच्या रांगा, आणि हिवाळ्यातही उघड्या खिडक्या. तिथे बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही, गजर उशीखाली थरथरेल असाच लावायचा. जानेवारीत माझ्या पांघरुणावर खिडकीतून आलेलं भुरभुर बर्फ पडलेलं मी पाहिलंय. आजीनं जुन्या नऊवाऱ्यांची शिवलेली गोधडी आईनं बॅगेत कोंबली होती. मी नको म्हणत होते, पण तीच उपयोगी पडली. दोन महागड्या कंबलांपेक्षा चार पदरी गोधडीत ऊब टिकते, आणि ती पलंगावर घसरत नाही.

जेवणाचं पहिल्याच दिवशी आचाऱ्याला जाऊन भेटून सांग. शाकाहारी असशील तर "मासेही नको, चिकनचा रस्साही नको" असं सुटं सुटं करून सांग. प्रयोगशाळेतून उशीर होणार असेल तर दुपारीच 'लेट प्लेट'च्या यादीत नाव लिही. ताट झाकून, नावाची चिठ्ठी लावून ठेवलेलं मिळतं. रात्री साडेनऊला थंड स्वयंपाकघरात स्वतःच्या नावाचं ताट सापडणं काय असतं, ते घरापासून लांब राहिल्यावरच कळतं.

नोव्हेंबरात निवडणुका होतात. एखादं पद घेच, पहिल्या वर्षी लहानसं का होईना. मी शाकाहारी मुलींची संख्या आचाऱ्याला कळवायचं काम मागून घेतलं होतं. त्यातून पन्नास जणींशी बोलणं झालं, आणि दोन वर्षांनी त्याच पन्नास जणींनी खजिनदारीसाठी माझं नाव सुचवलं. नुसतं सभासद राहून वर्ष काढलंस तर चार-पाच मैत्रिणींपलीकडे ओळख होत नाही.

वसंत सत्र निधी गोळा करण्याचं. आम्ही मध्यरात्री पॅनकेक विकायचो, पाच डॉलरला ताट. गल्ला हाताळायची वेळ आली तर दोघींनी मिळून मोजा आणि चिठ्ठीवर दोघींच्या सह्या घ्या, मैत्रीण कितीही जवळची असली तरी. परदेशात किंवा इंटर्नशिपला एखादं सत्र जाणार असशील तर मुदतीआधी लेखी कळव, नाहीतर वर्गणी चालूच राहते.

मे महिन्यात शेवटच्या सभेला शेवटच्या वर्षाच्या मुली आपापल्या वस्तू धाकट्यांच्या नावे करतात. याला 'सीनियर विल' म्हणतात. कुणी टेबललॅम्प देतं, कुणी मोडकी छत्री. मी गोधडी माझ्या 'लिटल'ला दिली. आजीला आधी फोन करून विचारलं होतं. गोधडीबरोबर एक चिठ्ठी पिन करून ठेवली: कोमट पाण्यात हातानं धू, ड्रायरमध्ये कधीही घालू नकोस, मागच्या पडवीच्या कठड्यावर उलटी टाकून दोन दिवस वाळव.