रिळाला मरीन ग्रीस लावताना या चुका टाळा

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, ट्रॉलर मालीमच्या जेटीला बांधलेले. रॉडने मासे धरणाऱ्यांना ही बंदी नसते, तरी समुद्र खवळलेला असल्याने केरी-मोरजीच्या किनाऱ्यावर उभे राहणारे बरेच जण याच दिवसांत रॉडवरचं दोरी गुंडाळायचं रीळ उघडून बसतात. मग मला फोन येतो, ‘मरीन ग्रीस, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणारं ग्रीस, कुठलं घेऊ?’ कंपनीचं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही. एकाच रिळात ग्रीस लागणाऱ्या, नुसतं तेल लागणाऱ्या आणि दोन्ही नको असलेल्या जागा शेजारी शेजारी असतात. महागाचा डबा आणूनही रीळ बिघडतं ते बहुतेकदा इथेच.

डबा घेताना

निळं म्हणजे मरीन, असा समज पक्का बसला आहे. रंग कारखान्यात मिसळलेला असतो. निळं साधं ग्रीसही मिळतं. डब्यावर वाचायच्या गोष्टी दोनच. एक, ग्रीस कशाचं आहे. तेलाला धरून ठेवणारा पदार्थ कोणता, यावर ते पाण्यात किती टिकेल हे बरंचसं ठरतं. सोडियमचं ग्रीस पाण्यात विरघळतं. लिथियमचं बऱ्यापैकी टिकतं, पण गंज रोखायला त्यात वेगळी रसायनं घालावी लागतात. कॅल्शियम सल्फोनेटचं सहजी धुऊन जात नाही आणि गंज रोखणं हा त्याचा अंगचा गुण. खाऱ्या पाण्यासाठी माझं मत त्यालाच.

दुसरी गोष्ट एनएलजीआय नंबर, म्हणजे घट्टपणा. गॅरेजवाला देतो त्या एपी-३ ग्रीसमधला ३ तोच. चाकाला ते शोभतं, रिळात हँडल जड करतं. मोठ्या रिळाला २ नंबर घ्या. मानशीवर, म्हणजे खाजणाच्या पाण्याच्या दारावर, तांबसो मासा धरायला नेतात त्या २५०० साइजच्या छोट्या रिळाला १ पुरे. होडीच्या ट्रेलरसाठी बनवलेलं, बोटाला लागलं की तार सुटणारं मरीन ग्रीसही छोट्या रिळाला नको. ग्रॅफाइटचं काळं ग्रीस तर दुकानातच सोडून या: खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमला टेकलं की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं.

हँडल मागे घसरतं

चोणक मासा गळाला लागला, तुम्ही झटका दिला आणि हँडल गर्रकन उलटं फिरलं. दुकानदार म्हणेल क्लच गेला, नवा घाला. आधी तो उघडून बघा. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या या अँटी-रिव्हर्स क्लचमध्ये बारीक रोलर असतात आणि त्यांना ढकलणाऱ्या त्याहून बारीक स्प्रिंगा. हँडल मागे जाऊ लागलं की रोलर दांड्याला आवळतात. तिथे जाड ग्रीस गेलं की स्प्रिंगांचा जोर पुरत नाही, रोलर जागच्या जागी चिकटून बसतात. बहुतेकदा हे ग्रीस कुणी मुद्दाम लावलेलं नसतं. गिअरला थापलेलं हळूहळू सरकत तिथे पोचतं.

क्लच आख्खा बाहेर काढा, शक्यतो सुटा करू नका, नाहीतर स्प्रिंग फरशीवर शोधत बसाल. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि पातळ रीळ ऑइलचा पुसटसा हात द्या. थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरू नका, प्लॅस्टिकची कड मऊ पडते.

बेटकास्टर म्हणजे गळ फेकताना दोरीचं स्पूल स्वतः फिरतं ते रीळ. त्याच्या स्पूलची बेअरिंगंही तेलाचीच. तिथे ग्रीस भरलं की गळ निम्म्यात पडतो आणि दोष रॉडला जातो. उलट हँडलची आणि मुख्य गिअरची बेअरिंगं सावकाश फिरतात, ती ग्रीसने भरलेलीच बरी. दाइवा कंपनीच्या मॅगसील रिळांत चुंबकाने धरलेल्या तेलाचा पडदा असतो. त्या सीलवर तेल, ग्रीस, सफाईचं द्रावण, काहीही घालू नका.

ड्रॅग धक्के देतो

ड्रॅग म्हणजे मासा ओढू लागला की दोरी हळूहळू सोडणारा रिळाचा ब्रेक. तो बिघडला की दोरी सुळकन न सुटता अडखळत सुटते आणि मासा तोडून जातो. ड्रॅगच्या चकत्यांवर गिअरचं ग्रीस गेलं असेल तर असं होतं. फेल्ट किंवा कार्बनच्या चकत्यांना खास ड्रॅग ग्रीस मिळतं. ते चोळून लावायचं आणि वर दिसेल तेवढं पुसून टाकायचं. काही कार्बन चकत्या कोरड्या ठेवायला सांगितलेलं असतं, तेव्हा माहितीपत्रक बघा. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर फेल्ट दबून राहतं.

जिथे हात जात नाही

गिअरला सगळे ग्रीस लावतात, स्क्रूला कुणीच नाही. स्टेनलेसचा स्क्रू, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आणि मध्ये खारं पाणी, एवढं जमलं की पांढरी भुकटी धरते आणि दोन हंगामांनंतर स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. प्रत्येक आट्यावर, बेअरिंग बसतं त्या खोबणीत आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ब्रशने पातळ थर द्या. मरीन ग्रीसचे पैसे खरे वसूल होतात ते इथे.

जुन्यावर नवं

ग्रीस दुधाळ झालं म्हणजे आत पाणी शिरलं. त्यावर नवं चढवलं की पाणी आतच कोंडतं. सगळं पुसून, धुऊन, वाळवून मग नवं लावा. कंपनी बदलतानाही हेच करा. बेंटोनाइट मातीचं ग्रीस बहुतेक दुसऱ्या प्रकारांशी जुळत नाही, मिसळलं की पातळ होऊन गळतं किंवा घट्ट होतं.

पाणी शिरतं ते बऱ्याचदा आपल्याच नळीतून. पाइपचा जोरदार फवारा मीठ धुण्याऐवजी आत ढकलतो. ड्रॅग आवळून हलक्या धारेखाली रीळ धरा, पुसा, वाऱ्यावर ठेवा. वरून डब्ल्यूडी-४० मारायची सवय असेल तर ती सोडा. त्याने पाणी हटतं खरं, पण आतलं ग्रीसही पातळ होऊन वाहून जातं.

एवढं करूनही खरखर राहिली तर बेअरिंग काढून बोटावर फिरवा. वाळूचा कण असेल तर धुतल्यावर आवाज जातो. गेला नाही तर आत खड्डे पडले आहेत, आणि ग्रीस भरून आवाज दाबला तरी ते भरत नाहीत. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजून त्याच मापाचं स्टेनलेस बेअरिंग मागा.